रिटायर झालेल्या माणसाने घेतलेला तीन लिटरचा कुकर

आधी वस्तूबद्दल सांगतो. स्टीलचा प्रेशर कुकर, तीन लिटर, बाहेरून बसणारं झाकण, जाड बूड. मार्च २०२५ मध्ये तांबाकाट्याला, मुंबईतल्या भांड्यांच्या बाजारात, २,१५० रुपयांना घेतला. सात महिने झाले. आठवड्यातून सहा दिवस, दिवसातून एकदा तरी गॅसवर चढतोच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे थोडी तक्रार आहे, आणि माझं भांडण कंपनीशी नाही, झाकणाच्या रबरी रिंगेशी आहे.

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो. वडाळा डेपो. २०२० मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली, तोंडाला मास्क लावून निरोपाचा नारळ घेतला आणि लालबागला घरी येऊन बसलो. सदतीस वर्षांच्या आयुष्यात... नाही, सदतीस वर्षांचा हिशेब इथे नको, लांबेल. मुद्दा एवढाच की या माणसाने त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत चहा सोडून काही शिजवलेलं नव्हतं. तेव्हा हा रिव्ह्यू एका नवशिक्याचा आहे असं समजून वाचा. ज्यांच्या हातून हजारो कुकर उतरलेत त्यांना यात नवीन काही सापडणार नाही, हसायला मात्र मिळेल.

फेब्रुवारीत आमच्या मंडळींना साठ पूर्ण झाली. मुलगा आणि सून बदलापूरहून केक घेऊन आले. केक कापला, फोटो काढले, आणि सून बशा धुवायला उठली तेव्हा ही म्हणाली, "बस गं जरा. मला एक सांगायचंय. हे अठ्ठावन्नला रिटायर झाले. मी आज साठला होते. उद्यापासून सकाळचं जेवण माझ्याकडे नाही."

आम्ही तिघंही हसलो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती पिशवी घेऊन परळला पेटीच्या क्लासला गेली. लहानपणी गावाला आठवीपर्यंत पेटी शिकली होती, मग शाळा सुटली, पेटीही सुटली. हे मला पस्तीस वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं. म्हणजे तिने सांगितलंही असेल, माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. संध्याकाळचं जेवण ती करते, मसाला आणि लोणची तिचीच, सणवारही तिचे. सकाळचं मात्र नाही म्हणजे नाही.

पहिला आठवडा मी वडापाव, इडली, कोपऱ्यावरच्या खानावळीतली पोळीभाजी यावर काढला. मुलगा म्हणाला, "बाबा, मी फोनवरून रोज मागवून देतो ना." तोही एक आठवडा झाला. दार उघडायचं, पुडकं घ्यायचं, प्लास्टिकचा डबा फोडायचा. दोन्ही आठवड्यांत एक गोष्ट सारखीच होती. समोर जे येईल ते मी खात होतो. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पोटाने तक्रार केली आणि मी तिच्या कुकरकडे वळलो.

"त्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "त्याचं हँडल ढिलं आहे. ते कसं धरायचं ते मलाच ठाऊक आहे. तुमचा तुम्ही आणा."

आणला.

दुकान

तांबाकाट्याला जायचं ठरवलं कारण लग्नातली आमची बरीचशी भांडी तिथलीच. लालबागहून पायधुणीपर्यंत बस. तेव्हा साधं तिकीट पाच रुपये होतं, मे महिन्यात त्याचे दहा झाले. मी नोकरीत असताना २०१९ मध्ये आठाचे पाच होताना पाहिले होते, त्यामुळे या विषयावर माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण कुकरचं चाललंय.

दुकानातला मुलगा चांगला होता. मात्र त्याचा पहिला प्रश्न, "कुणासाठी बघताय काका?" मी म्हटलं, घरासाठी. तो म्हणाला, "काकूंना घेऊन आला असतात तर त्यांनी बरोबर बघितलं असतं." मी म्हटलं, काकू क्लासला गेल्यात. यावर त्याने पाच लिटरचा कुकर काढून पुढे ठेवला. फॅमिली साइझ. मी म्हटलं, घरात दोघंच आहोत. तो म्हणाला, पाहुणे आले तर? साठीतल्या माणसाला अजून न आलेल्या पाहुण्यांसाठी भांडं विकायचं, हे दुकानदारीचं कसब मान्य करतो. पण मी तीन लिटरवर अडून बसलो. दोन माणसांचा वरणभात त्यात एका वेळी होतो. तिसरा आला तर भात पातेल्यात वेगळा लावता येतो.

दोन जाती असतात एवढं तिथे कळलं. एकात झाकण तिरकं करून आत सरकवायचं, ते आतून वर ओढून बसतं. आत वाफ असेपर्यंत तीच वाफ झाकण दाबून धरते, त्यामुळे घाईने उघडायला गेलात तरी उघडत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने मला ती कल्पना फार आवडली. पण माझा उजवा खांदा दुखरा आहे. गर्दीच्या बसमध्ये वरचा दांडा धरून उभं राहिलेल्या वर्षांची ती कमाई. दुकानातच पाच वेळा झाकण आत घालून बघितलं, तीन वेळा अडकलं. बाहेरच्या झाकणाचा घेतला. बाण बाणाला लावायचा, हँडलवर हँडल आणायचं, झालं.

घेताना आयएसआयचा शिक्का बघा. १ फेब्रुवारी २०२१ पासून त्या शिक्क्याशिवाय घरगुती कुकर विकायला परवानगीच नाही. शिक्क्याच्या खाली सीएम/एलने सुरू होणारा नंबर असतो, तो मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की लायसन कुणाचं आहे ते दिसतं. मी दुकानात उभा राहून टाकला. मुलगा माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी चेकिंग इन्स्पेक्टर आहे. सदतीस वर्षं इन्स्पेक्टरला घाबरलो, एक दिवस आपणही असावं.

पैसे दिल्यावर तो म्हणाला, "नाव घालून देऊ? फुकट आहे." आणि मशीनची पेन्सिल हातात घेऊन विचारलं, "कुणाकडून कुणाला?"

आता ही गंमत बघा. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे. कळशीवर हिच्या मामाचं, परातीवर माझ्या आत्येचं, स्टीलच्या डब्यांवर चि. सौ. कां. आणि सप्रेम भेट. सगळं तिला आलेलं. माझं नाव असलेलं घरात एकही भांडं नाही. ड्युटीच्या डब्यावर होतं, पण ते नाव नव्हतं, बिल्ला नंबर होता.

मी म्हटलं, "कुणाकडून नाही. माझंच नाव घाल."

त्याने झाकणाच्या कडेला घातलं. घरी आल्यावर हिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "दुसरी वेलांटी हवी होती."

वापर

कुकरसोबत पुस्तिका येते. इंग्रजी आणि हिंदी, आणि अक्षरं मुंगीच्या पायांएवढी. मराठी नाही. मुंबईत विकताय, चार पानं मराठीत छापायला काय जातं? एवढी एक तक्रार सरळ कंपनीवर.

पुस्तिकेतलं महत्त्वाचं वाक्य मला तिसऱ्यांदा वाचल्यावर समजलं. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, मग खाली कितीही जाळ करा, त्याच्या वर जात नाही. झाकण लावून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. पहिली शिट्टी म्हणजे दाब भरला. त्यानंतर गॅस बारीक करून तेवढाच राखायचा. गॅस मोठा ठेवलात तर शिट्ट्या पटापट येतात, वाफ आणि गॅस वाया जातो, डाळ काही त्यापेक्षा लवकर शिजत नाही.

हे मी मोठ्या अभिमानाने हिला सांगितलं. ती म्हणाली, "तूरडाळीला तीन, काळ्या वाटाण्याला सहा, मटकीला एक. पुस्तक आणि मी, दोघांतलं एक ठरवा."

मी दोन्ही करून पाहिलं. तिच्या शिट्ट्या तिच्या गॅसच्या आचेवर बसलेल्या आहेत, ती नॉब कुठपर्यंत फिरवते ते मी एकदा चोरून पाहिलं. तेवढीच आच ठेवली तर तिचं गणित चुकत नाही. आच बदलली की गणित गेलं. मी नवशिका, माझा हात अजून बसलेला नाही, म्हणून मी घड्याळ बघतो. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर तूरडाळ आणि भात दहा मिनिटं, मग गॅस बंद, वाफ आपोआप जिरू द्यायची. कंडक्टरकीचा एक फायदा झाला. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे इतकी वर्षं हाडात भिनलंय, की पेपर वाचत असलो तरी शिट्टी कानातून सुटत नाही.

पहिल्या महिन्यातले अपघात लपवत नाही. पहिल्याच दिवशी शिट्टी लावायलाच विसरलो. वाफ सुसू करत जात राहिली, मी वीस मिनिटं पहिल्या शिट्टीची वाट बघत उभा. तिसऱ्या दिवशी तूरडाळ तोंडोतोंड भरली आणि काही वेळाने वाफेच्या नळीतून पिवळा फवारा थेट छताला. कारण नंतर वाचलं. डाळी शिजताना फेस करतात, तो फेस नळीत जाऊन बसतो, म्हणून डाळ अर्ध्याच्या वर भरायची नाही. इतर जिन्नस दोन तृतीयांशपर्यंत चालतात. डाळीत हळद आणि दोन थेंब तेल घातलं की फेस कमी येतो. ही क्लासवरून आली, वर बघितलं, काही बोलली नाही, आत जाऊन पेटी काढून बसली. मी स्टूल घेऊन छत पुसलं. डाग अजून आहे. दिवाळीला रंग लावताना तेवढं सोडायला सांगणार आहे.

भात लावताना पाण्याचं प्रमाण हा माणसाच्या धीराचा प्रश्न आहे. जुन्या कोलमला वाटीला दोन वाट्या पाणी, नव्या तांदळाला त्याहून कमी. वाटी एकच ठरवून ठेवा. मी एका दिवशी तांदूळ एका वाटीने आणि पाणी दुसऱ्या वाटीने मोजलं, पेजच झाली. आमच्याकडे पेज चालते, म्हणून निभावलं.

आतली भांडी वेगळी घ्यावी लागतात हे दुकानात कुणी सांगितलं नाही. पाच लिटरच्या कुकरमधली भांडी तीन लिटरमध्ये जात नाहीत. दोन छोटे डबे लालबाग मार्केटातून आणले, वरचा भाताचा, खालचा डाळीचा. तळाला जाळी आणि बोटभर पाणी. पाणी नसेल तर वाफ कुठून येणार, हे लिहायची गरज वाटू नये, पण एकदा मला तेही सुचलं नव्हतं. बुडाला निळसर-तपकिरी डाग पडला, तो लिंबाची साल टाकून पाणी उकळल्यावर बराचसा गेला.

"काहीही कर"

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते.

पस्तीस वर्षं रोज रात्री झोपताना ही विचारायची, "उद्या काय करू?" मी म्हणायचो, "काहीही कर." तिकिटांचा हिशेब जन्मभर केला म्हणून हाही केला. पस्तीस गुणिले तीनशे पासष्ट, बारा हजार सातशे पंच्याहत्तर. ती माहेरी गेली ते दिवस आणि माझ्या नाइटचे दिवस वजा करा, तरी दहा हजार वेळा तरी मी "काहीही" म्हटलं असेल. मला वाटायचं मी साधा माणूस आहे, माझी काही मागणी नाही. वर मित्रांना सांगायचो, आपलं जेवणाचं काही नखरं नाही.

कुकर आणल्यावर काळ्या वाटाण्याची उसळ करायची होती. मालवणी माणसाला जिवाभावाची गोष्ट. सकाळी वाटाणे कुकरमध्ये घातले. सहा शिट्ट्या, आठ शिट्ट्या, दगड ते दगड. हिने संध्याकाळी बघितलं आणि विचारलं, "रात्री भिजवले होते?"

रात्री भिजवावे लागतात. म्हणजे उद्या काय खायचंय ते आज रात्री ठरवावं लागतं. मटकीला मोड हवे असतील तर परवाचं आज. "काहीही" भिजत घालता येत नाही. ती जे रोज रात्री विचारत होती तो प्रेमाचा प्रश्न नव्हता, कामाचा होता, आणि मी दहा हजार वेळा ते काम तिच्याकडे परत ढकललं होतं. पहिल्या पाळीला साडेतीनला उठून तिने डबा केला, त्यात वाटाण्याची उसळ असली की मी खूश व्हायचो. ते वाटाणे आदल्या रात्री कुणीतरी आठवणीने पाण्यात टाकले होते, हे डोक्यात आलंच नाही.

आमच्या गिरणगावात हे नवीन नाही. वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर होते. आईला गावाहून आणण्याआधी गाळ्यात बारा माणसांत राहायचे आणि खानावळीत जेवायचे. आई आल्यावर तिनेही दोन वर्षं पाच मेंबर जेवायला घेतले होते. गिरण्यांच्या भोंग्यावर पुरुष जायचे आणि त्यांच्या ताटावर बायकांचं घर चालायचं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या खानावळवाल्या बायकांसाठीच. सावकाराकडून उसने घेऊन डाळतांदूळ भरणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी वीस वर्षांचा. वडील घरी बसले. पुढे कित्येक महिने घरात काय शिजलं, कशाचं शिजलं, ते आईला माहीत. वडिलांनी विचारलं नाही, मीही नाही. समोर ताट आलं, जेवलो. पिढीजात सवय आहे ही.

तर वाटाणे फुकट गेल्यावर त्या रात्री मी हिला विचारलं, "उद्या काय करू?"

ती पेटीच्या वहीतून मान वर न करता म्हणाली, "काहीही करा."

मी अर्धा तास कपाट उघडून उभा होतो. डाळ आहे पण टोमॅटो नाही, चवळी आहे पण नारळ संपलाय, बटाटे आहेत पण कालच झाले. शेवटी कालनिर्णय काढलं. दूधवाल्याच्या खाड्याशेजारी त्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलं, "मूगडाळ खिचडी, पापड." दुसऱ्या दिवसाच्या चौकोनात "चवळी (भिजव)". त्यानंतर दर रविवारी बसून आठवडा लिहितो. चौकोन लहान आहेत, दूध, पेपर, औषध आणि जेवण एवढं मावत नाही, तरी मावतं. ऑगस्टमध्ये एका चौकोनात हिच्या अक्षरात "नको, परत चवळी नको" असंही आहे.

याचे परिणाम कुकरच्या रिव्ह्यूत बसतील की नाही कळत नाही, पण थोडक्यात. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते, मीठ कमी करा, दिवसाला पाच ग्रॅम म्हणजे चमचाभर, त्याच्या आत. मी मान हलवायचो आणि बाहेर येऊन हिला सांगायचो, "मीठ कमी घाल म्हणतायत." जणू ब्लडप्रेशर तिचंच आहे. आता मीठ माझ्या हाताने पडतं. लोणचं आणि पापड धरून मोजलं तर चमचा दुपारीच संपतो हे मला स्वतः घातल्यावर दिसलं. पापड आठवड्यातून दोनदावर आणला. कुणी सांगितलं म्हणून नाही, चौकोनात लिहायला जागा नव्हती म्हणून म्हणा.

बाजारही बदलला. आधी यादी घेऊन जायचो आणि यादीतलं आणायचो. आता लालबाग मार्केटात उभा राहून ठरवतो. कोथिंबीर महाग असली की डाळीला जिऱ्याची फोडणी, स्वस्त असली की दोन जुड्या. एप्रिलमध्ये मसाल्यासाठी मिरची गल्लीत हिच्याबरोबर गेलो. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. राहतो तिथून पाच मिनिटांवर, दर उन्हाळ्यात शिंकत जायचो तिथून. किती बेडगी आणि किती संकेश्वरी, हे मात्र ती सांगत नाही. तो भाग अजून तिच्याकडे आहे आणि तिने रिटायर होण्याचा विषयही काढलेला नाही.

शेजाऱ्यांचं एकच. शिट्टी ऐकून समोरच्या वहिनी दोनदा येऊन विचारून गेल्या, "वहिनींची तब्येत बरी आहे ना?" पुरुष कुकर लावतोय म्हणजे घरात बाई आजारी, एवढाच अर्थ. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना खिचडी वाटीत घालून दिली. वाटी परत आली ती रिकामी नव्हती, आत दोन करंज्या होत्या. मग त्यांचे मिस्टर एका संध्याकाळी जिन्यात थांबून हळूच म्हणाले, "कितीला पडला?" मी किंमत सांगितली. ते म्हणाले, "नाही, आमच्याकडे तसं काही नाही, असंच विचारलं."

बऱ्या-वाईट गोष्टी

बूड चांगलं जाड आहे, डाळ करपत नाही. वजन मला झेपतं, खांद्यालाही. हँडलचे स्क्रू तीन महिन्यांत ढिले झाले, स्क्रूड्रायव्हर घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा आवळा. तिच्या कुकरच्या हँडलचं रहस्यही हेच निघालं. मी आवळून देतो म्हटलं तर "राहू दे" म्हणाली. शिट्टी धुताना हरवते, गॅसच्या मागे लोळत जाते. वाटीत ठेवायची सवय लावा. वाफेची नळी रोज उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा, एखादा डाळीचा दाणा असला तर काडीने काढा. सेफ्टी व्हॉल्व्ह हा शेवटचा उपाय आहे, त्याच्या भरवशावर नळी घाण ठेवू नका.

किंमत थोडी जास्त वाटली. ॲल्युमिनियमचा याहून बराच स्वस्त मिळत होता. पण आंबट गोष्टी, टोमॅटो, कोकम, आमच्याकडे रोजच्या, म्हणून स्टील घेतलं आणि त्याचा पस्तावा नाही.

एकट्याला किंवा दोघांना पुरेसा. चौघांच्या घरी घेऊ नका. मुलाला घेऊन द्यायचा असेल तर लग्नाआधी द्या.

आता रिंग. रिंग वॉरंटीत नाही, हे पुस्तिकेत सर्वांत लहान अक्षरात आहे. मला वाटलं वर्षभर तरी टिकेल. गेल्या आठवड्यात सकाळी मसूर लावली होती. हिला त्या दिवशी क्लास नव्हता, आतल्या खोलीत पेटीवर अलंकार चालले होते. जून महिन्यातच तिने मला सांगितलं होतं की तुमच्या कुकरची शिट्टी काळी पाच आहे, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सूर, बरोबर काळी पाच, आणि मी ते मस्करी समजून सोडून दिलं होतं. त्या दिवशी शिट्टी झाली आणि पेटी थांबली. एक पट्टी दाबून बघितली, मग शेजारची. आतून आवाज आला.

"अहो, तुमची शिट्टी उतरलीय. पांढरी सहाच्याही खाली आलीय. रिंग गेली बघा."

झाकण काढून बघितलं. रिंगेला हँडलच्या बाजूला केसाएवढी चीर. वाफ तिथून जात होती, मला काही दिसलं नव्हतं, ऐकूही आलं नव्हतं.

शनिवारी तांबाकाट्याला गेलो. त्याच मुलाने ओळखलं. कुकरचं झाकण सोबत नेलं होतं, त्याने नाव वाचलं आणि मापाची रिंग काढून दिली. दोन घेतल्या, एक सुटी ठेवायला. घरी येऊन बसवली, मूग लावले, गॅस पेटवला. शिट्टी झाली.

आतून पेटीवर काळी पाच वाजली. मी गॅस बारीक केला आणि घड्याळ बघितलं.